सिकलसेल आणि आमची ताई



दरवर्षी 19 जूनला जागतिक सिकलसेल दिन असतो. आपल्या खान्देशात सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हणजे शिरपूर, चोपडा, यावल भागात आणि तिकडे साक्री, नंदुरबारकडे हा आजार बराच आढळतो. भिल्ल, पावरा समाजात त्याचे प्रमाण जास्त असले तरी इतर समाजांतही तो आहे. वैद्यकीय पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी मी तो आमच्या घरात पाहिला, कारण माझ्या थोरल्या बहिणीला सिकलसेल होता. 2014 च्या जानेवारीत, वयाच्या 38 व्या वर्षी ती गेली. आजाराची माहिती आज तिच्या आठवणींसोबतच सांगतो.

नेमके काय बिघडते?

रक्तातल्या तांबड्या पेशी गोल, चपट्या आणि मऊ असतात, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्यांतूनही त्या वाकून पुढे सरकतात. या आजारात हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागचा एकच घटक बदललेला असतो. ऑक्सिजन कमी पडला की या पेशी कडक होतात आणि विळ्यासारख्या वाकतात. मग त्या रक्तवाहिनीत अडकतात, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटते. म्हणून रक्त सतत कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात.

ताईचे डोळे लहानपणापासून पिवळसर होते. घरच्यांनी कावीळ समजून झाडपाल्याची औषधे दिली. हातपाय सुजले तेव्हा संधिवात म्हणून तेल चोळले. शेवटी 1991 साली धुळ्याच्या सिव्हिलमध्ये रक्ताची तपासणी झाली आणि आजाराचे नाव कळले. तेव्हा ती 15 वर्षांची होती.

दुखणे आणि सोशिकपणा

खान्देशातले दोन्ही ऋतू तिला अवघड जायचे. मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की अंगातले पाणी कमी व्हायचे, डिसेंबरच्या थंडीत रक्तवाहिन्या आकसायच्या. दोन्ही वेळा कळा सुरू व्हायच्या. मग एसटीने धुळे, तिथे सलाईन, कधी रक्ताची बाटली, आणि आठवड्याने परत.

ती घरी शिवणकाम करायची. ब्लाउजच्या उरलेल्या चिंध्या जपून ठेवायची आणि त्यांच्या छोट्या गोधड्या शिवायची. वॉर्डात सिकलसेलचे एखादे पोर दिसले की एक गोधडी त्याच्या आईच्या हातात द्यायची आणि सांगायची, "थंडीत याला उघडं ठेवू नका, पाणी सारखं पाजत राहा." एकदा शिकाऊ डॉक्टरला तिसऱ्यांदा शीर सापडेना, तो घामाघूम झाला. ताई म्हणाली, "डॉक्टर, आधी चहा पिऊन या. शीर कुठे पळून जात नाही."

पण या चांगुलपणाची किंमत तिने मोजली, हेही सांगायला हवे. ती ओरडत नसे, म्हणून तिचे दुखणे कमी आहे असा लोकांचा समज व्हायचा. एका दवाखान्यात तिला रात्रभर बाकावर बसवून ठेवले होते, कारण "हसून बोलतेय, म्हणजे एवढं काही नसणार." शेजारी विव्हळणाऱ्या बाईला तिने आपली चादरही दिली होती. त्या रात्रीच्या वेदना किती होत्या, हे तिने मला काही वर्षांनी, मी डॉक्टर झाल्यावर सांगितले. माझ्याकडे येणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णाला मी दुखणे 0 ते 10 मध्ये किती, असे आजही विचारतो आणि तो सांगेल तो आकडा खरा मानतो. आवाजावरून वेदना मोजता येत नाही.

लग्नाआधीची तपासणी

हा आजार संसर्गाने होत नाही, आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के असते. वाहक व्यक्ती सहसा आजारी नसते. मलेरियाच्या प्रदेशात वाहकांना थोडे संरक्षण मिळत आले, म्हणून जंगलपट्ट्यात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

मी स्वतः वाहक आहे. माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा ताईने सगळ्यांसमोर अहिराणीत बजावले, "आधी रगत तपासी ल्या, मंग नारय फोडा." पाहुणे गोंधळले. तिने त्यांना शांतपणे स्वतःचा आजार समजावून सांगितला. तिचे स्वतःचे स्थळ याच कारणाने मोडले होते, तरी तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. माझ्या पत्नीचा रिपोर्ट नॉर्मल आला. माझ्या दोन्ही मुलांना हा आजार नाही.

काय लक्षात ठेवावे?

आधी सोल्युबिलिटी ही साधी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने रुग्ण की वाहक ते कळते. 2023 मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, ऊन आणि थंडी टाळावी, फॉलिक ॲसिड आणि लसी चुकवू नयेत. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने कळांचे प्रमाण कमी होते. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज घ्यावे लागते आणि अधूनमधून रक्त तपासावे लागते. तपासणी न करता लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, कारण वारंवार रक्त घेतलेल्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते.

ताप 101 च्या वर गेला, छातीत दुखले, धाप लागली, पोटात डाव्या बाजूला फुगवटा आला किंवा अचानक हातपाय लुळे पडले, तर घरी थांबू नका. ताईला शेवटी छातीतच त्रास झाला. एका रात्रीत श्वास वाढला आणि उपचार सुरू असतानाच ती गेली.

तिच्या मशीनशेजारी तीन गोधड्या शिवून तयार होत्या. आईने त्या वॉर्डात नेऊन दिल्या. तुमच्या घरात लग्न ठरत असेल, तर पत्रिकेसोबत दोघांचे रक्तही तपासा. ताई असती तर तिने तुम्हालाही हेच सांगितले असते.