एकादशी आणि फील्डवर्क

सदतिसाव्या वर्षी मी एम.एस.डब्ल्यू.ला प्रवेश घेतला तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही, पण फार आनंदही कुणाला झाला नाही. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "संध्याकाळी दिवा कोण लावणार?" नवऱ्याने फी विचारली. सातवीतली मुलगी म्हणाली, "म्हणजे आता तुझेही मार्क बघायला मिळणार!"

माझं माहेर सोलापूर. वडील माळकरी, आषाढीला पंढरपूर चुकलं नाही असं घर. सासरचे लोक भावसार, कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूत. दुकान चिकपेटेत, घर चामराजपेटेत. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात कन्नड इतकं मिसळलंय की सोलापूरहून आलेल्या माझ्या भावाला निम्मं कळत नाही. हरिपाठ मात्र शुद्ध मराठीत होतो. तो माझ्याबरोबर या घरात आला आणि सासूबाईंनी तो आपला केला.

चामराजपेट 1892 साली आखून वसवलेली पेट आहे. दहाव्या चामराजेंद्र वडेयरांचं नाव तिला दिलेलं. सरळ मेन रोड आणि त्यांना छेदणारे क्रॉस, त्यामुळे पत्ता सांगायला सोपी. इथे कन्नड साहित्य परिषदेची इमारत आहे, ईदगाह मैदान आहे आणि कोटे हायस्कूलच्या मैदानावर 1939 पासून चालत आलेली रामनवमीची संगीतसभाही आहे. शेजारच्या कॉटनपेटेत तवक्कल मस्तानांचा दर्गा आहे. चैत्रात करगा निघतो तेव्हा धर्मरायस्वामींच्या देवळातली मिरवणूक त्या दर्ग्यात थांबून पुढे जाते. श्रद्धेचा असा शेजार मी लग्नानंतर रोज पाहत आले. त्याच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून बघायची वेळ मात्र फार उशिरा आली.

ती वेळ आणली 2020 च्या लॉकडाऊनने. एप्रिलमध्ये शेजारचा पादरायनपुरा वॉर्ड सील झाला. आमच्या रस्त्यावर देवळाच्या ट्रस्टने भात शिजवला, मशिदीने रेशनचे किट वाटले, चर्चची माणसंही फिरत होती. आम्ही पाच-सहा बायका पिशव्या भरत होतो. थोड्याच दिवसांत दिसायला लागलं की पिशव्या पुन्हापुन्हा त्याच घरांत जातायत. ज्यांची कुणाशी ओळख नाही, ज्यांच्याकडे इथलं रेशन कार्ड नाही, ते बिहार-ओडिशाचे मजूर आणि भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या बायका आमच्या यादीत नव्हत्या. वाटणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. यादी कशी करायची, कुणाला काय विचारायचं, हेच आम्हाला येत नव्हतं. ते शिकायचं, असं मी तेव्हा ठरवलं. मुलगी जरा मोठी होईपर्यंत मात्र थांबावं लागलं.

मैसूर रोडने विद्यापीठाच्या ज्ञानभारती आवारापर्यंत थेट बस आहे. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. त्या 'शक्ती' योजनेने माझ्या शिक्षणाला किती हात दिला ते सांगायलाच हवं. रोजच्या तिकिटाचे पैसे घरात मागावे लागले नाहीत, आणि बसमधला वेळ माझा एकटीचा झाला. पहिल्या सेमिस्टरचं निम्मं वाचन मी खिडकीशी बसून मोबाईलवर केलं.

वर्गात माझ्या अर्ध्या वयाची मुलं. एक ख्रिस्ती सिस्टर होत्या, कपाळाला विभूती लावणारा तुमकुरचा मुलगा होता, हिजाब घालणारी शिवाजीनगरची मुलगी होती आणि कलबुर्गीचा एक बौद्ध मुलगा होता. या विषयाला का आलात, असं पहिल्याच तासाला विचारलं गेलं. बहुतेकांनी 'सेवा' म्हटलं, मीही तेच म्हटलं. मॅडमनी उलट विचारलं, "ज्याची सेवा करणार, त्याला कुणी विचारलंय का?" वर्ग गप्प झाला.

पुढे इतिहास आला तेव्हा मला नवल वाटलं. भारतात समाजकार्याचं पहिलं विद्यालय 1936 मध्ये मुंबईत निघालं. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शर्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी. त्याआधी त्यांनी नागपाड्यात वस्तीतल्या लोकांसाठी नेबरहूड हाऊस चालवलं होतं. केसवर्कची जी सात तत्त्वं आम्ही घोकली, ती मांडणारे फेलिक्स बीस्टेक हे जेझुइट धर्मगुरू होते. त्यांचं पुस्तक 1957 चं. समोरच्याला आहे तसा स्वीकारा, त्याचा न्याय करू नका, निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या, त्याची गोष्ट बाहेर फोडू नका. धर्म मानणाऱ्या माणसाने असे नियम लिहावेत की धर्म न मानणाऱ्यालाही ते पाळता यावेत, हे मला आवडलं. या अभ्यासात मला देव सोडावा लागणार नाही, एवढा धीर त्यातून आला. काहीतरी सोडावं लागणार होतंच. काय, ते वॉर्डात कळलं.

आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क. माझी नेमणूक एका सरकारी रुग्णालयात होती. काम बहुतेक कागदांचं: आधार, बीपीएल कार्ड, आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकचा अर्ज, कुणाचा गृहलक्ष्मी योजनेचा हप्ता का अडला त्याची चौकशी. मधल्या वेळेत खाटेशी बसून ऐकायचं आणि रात्री घरी त्याचा अहवाल लिहायचा. कोण काय बोललं, मी काय बोलले, मला आत काय वाटलं, सगळं. स्वयंपाक आणि मुलीचा गृहपाठ उरकून मी लिहायला बसायची तेव्हा अकरा वाजलेले असायचे.

तिथे एक आई भेटली. ओळख पटू नये म्हणून तिचे तपशील बदलून सांगते. तिच्या चार वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होता. तिने मला कन्नडमध्ये विचारलं, "अक्का, मागच्या जन्मी मी काय पाप केलं असेल?" माझ्या माहेरी या प्रश्नाला तयार उत्तर होतं, प्रारब्ध. भोगून संपवायचं आणि नाम घ्यायचं. आजारी आजीला, विधवा आत्याला हेच सांगताना मी ऐकलेलं, आणि त्यांना त्याने बरं वाटतानाही पाहिलेलं. शब्द माझ्या ओठांवर होता. मी तो गिळला आणि विचारलं, "असं तुम्हाला कुणी म्हटलं का?" ती रडायला लागली. सासू म्हणायची, शेजारीण म्हणायची, आणि नवरा त्याच कारणावरून गावी निघून गेला होता. 'पाप' हा तिच्या मनातला प्रश्न नव्हताच, तो तिच्यावर ठेवलेला आरोप होता. प्रारब्ध म्हणून मीही त्या आरोपावर सही केली असती.

तिच्याबरोबर पुढे जे झालं ते साधं होतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत सेरेब्रल पाल्सी येतो. त्यामुळे आधी प्रमाणपत्र, मग यूडीआयडी कार्ड, मग पेन्शनचा अर्ज. फिजिओथेरपीच्या वेळा तिच्या घरकामाच्या वेळांशी जुळवून घेतल्या. तिने अण्णम्मादेवीला नवस बोलला होता, तो फेडायला ती गेली. मी त्यावर काही बोलले नाही. नवस तिचा होता.

वर्गात हा प्रसंग नाव न घेता मांडला तेव्हा कलबुर्गीचा मुलगा म्हणाला, "कर्म म्हणजे माझ्या आजीच्या उपासमारीला दिलेलं कारण." तो शांतपणेच बोलला, पण मला ते लागलं. घरी येऊन वडिलांना फोन केला. वडिलांनी वाद घातला नाही. म्हणाले, "चोखोबा पायरीशीच राहिला ना. 1947 ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा कुठे दार उघडलं. तेही आपल्याच माणसांविरुद्ध बसावं लागलं." माळकरी बापाकडून हे ऐकलं आणि मला हलकं वाटलं. माझ्या परंपरेतही हा वाद आधीपासून चालू होता. मी फक्त त्यात नव्याने शिरत होते.

वर्गात सर्वांत मोठी खडाजंगी झाली ती मानसिक आरोग्याच्या पेपरात. एका बाजूला तमिळनाडूतलं एरवाडी. तिथल्या दर्ग्याभोवती मनोरुग्णांना बरं करण्याच्या आशेने आणून ठेवत. 6 ऑगस्ट 2001 ला एका निवाऱ्याला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले 28 जण जळून गेले. दुसऱ्या बाजूला, त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्या बेंगळुरूच्या निम्हान्समधल्या संशोधकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेला अभ्यास, तोही तमिळनाडूतल्याच एका देवळाचा. तिथे येऊन राहिलेल्या 31 जणांची लक्षणं सरासरीने जवळजवळ वीस टक्के कमी झाली होती. औषध नव्हतं, मारझोड नव्हती, साखळ्या नव्हत्या. माणसं देवळाच्या आवारात राहत, झाडलोट करत, झाडांना पाणी घालत, पूजेला बसत. सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे देवाने बरं केलं." विभूतीवाला म्हणाला, "कामाने आणि शांततेने." शिवाजीनगरची मुलगी म्हणाली, "कुणी बांधलं नाही म्हणून." परीक्षेत मी तिन्ही उत्तरं लिहिली. आज विचाराल तर मी तिच्या बाजूची.

पुढे वॉर्डात प्रश्न आला तो उपासाचा. रमझान चालू होता. इन्सुलिनवर असलेली एक वयस्कर बाई रोजा सोडायला तयार नव्हती. साखर धोक्याइतकी खाली जात होती. नर्स ओरडायच्या, मुलगा हात जोडायचा, आणि बाई दख्खनीत म्हणायच्या, "नक्को बोली सो नक्को." मला पाठवलं तेव्हा माझी स्वतःची एकादशी होती. पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. त्यांना "खा" म्हणायला माझी जीभ उचलेना. मी त्यांना रोजा त्यांच्यासाठी काय आहे ते विचारलं. त्या मोकळ्या झाल्या. नवरा गेल्यापासून त्यांच्या हाताशी धरायला उरलेली हीच एक गोष्ट होती. आजाऱ्याला रोजा माफ आहे, नंतर भरून काढता येतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण मुलाच्या तोंडून ते ऐकायचं नव्हतं, आणि माझ्या तोंडून ऐकायचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी त्यांच्या संमतीने त्यांच्या मोहल्ल्यातल्या मौलानांना फोन लावला आणि डॉक्टरांचं म्हणणं त्यांच्या कानावर घातलं. मौलाना आणि बाई काय बोलले ते मला माहीत नाही. त्या दिवशी दुपारी बाईंनी खिचडी खाल्ली.

फील्डवर्कच्या दिवशी आलेल्या एकादशीला मी फराळ सोडून जेवायला लागले ती त्यानंतर. सासूबाईंना ते पटलं नाही. दोन एकादश्या त्या माझ्याशी तुटक बोलल्या. मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वारीत पाय सुजलेल्याला कुणी उपास करायला लावत नाही, आधी भाकरी देतात." सासूबाईंनी हे ऐकलं आणि पुढच्या एकादशीला डब्यात पोळीभाजी भरून दिली. वर म्हणाल्या, "तुझ्या वाटचा मी धरते." आमच्यातला तो तह अजून टिकून आहे.

तुळशीची माळ मी गळ्यात ठेवली, पण वॉर्डात ती कुडत्याच्या आत असते. रुग्णाने विचारलं तर मी सांगते, स्वतःहून दाखवत नाही. हरिपाठ परीक्षेच्या दिवसांत बसमध्ये मनातल्या मनात होतो. आवाजात आणि टाळावर म्हटल्याची सर त्याला नाही, हे मी मान्य करते. दिवा मात्र चुकत नाही. मी नसले तर मुलगी लावते, आणि त्या बदल्यात मोबाईल मागते.

आता शेवटचं सेमिस्टर आहे. प्रबंधाला विषय घेतलाय: रुग्णालयात महिनोन्‌महिने राहणारे नातेवाईक रोजचा दिवस कसा काढतात. मुलाखती घेताना दिसतं की फाटकाशी असलेल्या छोट्या गणपतीपुढे सगळ्या धर्मांची माणसं थांबतात आणि चहाच्या टपरीवर त्याहून जास्त वेळ थांबतात. प्रश्नावलीत मी दोन्ही घातलंय.

मागच्या महिन्यात आमच्या समाजातल्या एका सुनेने विचारलं, "ताई, मला जमेल का?" मी तिला म्हटलं, आधी घरच्यांकडून दोन वर्षं स्पष्ट शब्दांत मागून घे, नुसतं 'बघू' म्हणू देऊ नको. नेम सोडू नकोस, लहान कर. फील्डवर्कच्या दिवशी जेव. आणि वॉर्डात कुणाचं दुःख ऐकताना आपल्याकडचं उत्तर तोंडावर आलं, तर ते तिथेच थांबवून एक प्रश्न विचार. तिने हे सगळं मोबाईलमध्ये टिपून घेतलं आणि मग विचारलं, "फी किती?"