धुरजड आणि उलाळ

कोल्हापूरच्या एका गूळव्यापारी कुटुंबाचा दक्षिण यात्रेचा बेत ठरला होता. प्रथम श्रवणबेळगोळ, तेथून चार्माडी घाट उतरून धर्मस्थळ आणि पुढे वेणूर, कारकळ व मूडबिद्री. सूर्यास्तापूर्वी भोजन व्हावे आणि ते घरच्या शिध्याचे असावे, म्हणून सामान बेताचे राहिले नव्हते. पिठाचे डबे, तांदूळ, शेगडी, भांडी आणि पाण्याचे दोन मोठे कॅन. मुलाने पाण्याचे कॅन व भांड्यांचे पोते टपावरच्या कॅरिअरवर बांधले आणि काढायला सोपे जावे म्हणून जड डबे डिकीच्या मागच्या कडेला रचले.

ओसरीवर बसलेले अण्णा ते पाहत होते. ते म्हणाले, "गाडी उलाळ भरलीस."

मुलाला शब्द उमगला नाही. "वजन तेवढंच आहे अण्णा, कुठंही ठेवलं तरी."

अण्णांचे बालपण गुळाचे रवे बाजारात आणणाऱ्या बैलगाड्यांमध्ये गेले होते. भार पुढे पडून बैलांच्या मानेवर आला की गाडी धुरजड होई आणि खांदे सोलून निघत. भार आसाच्या मागे गेला की ती उलाळ होई. जू वर उचलले जाई आणि गळ्याखालचा पट्टा बैलांना काचे. रवे तेवढेच, बैल तेच आणि रस्ताही तोच. तरी एक रवा हातभर सरकवला की गाडीची चाल बदलत असे. ते काम दिवाणजीचे नव्हे, गाडीवानाचे होते.

मोटारगाडीला बैल नसले तरी हा नियम तिला सुटलेला नाही. गाडी रस्त्याला धरून असते ती चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार ठशांनी. टायरवरील भार वाढला की त्याची पकड वाढते, परंतु भाराच्या प्रमाणात वाढत नाही. दुप्पट भाराला दुप्पट पकड मिळत नाही. म्हणून भार एकाच बाजूला साचला, तर पकडीची एकूण बेरीज घटते.

आपल्याकडील बहुतेक घरगुती गाड्या धुरजड असतात. इंजिन पुढे आणि ओढणारी चाकेही पुढचीच. वळणावर वेग अधिक झाला, तर अशी गाडी वळण्याऐवजी सरळ जाऊ पाहते. चालक घाबरून पाय उचलतो, वेग उतरतो आणि गाडी पुन्हा वळणावर येते. कुटुंबाच्या गाडीला हा स्वभाव सोयीचा आहे.

उलाळ गाडीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पोर्शे ९११. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आलेल्या या गाडीचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे होते. वेग घेताना मागील चाकांवरचा भार पकडीच्या कामी येई. परंतु वळणात मध्येच पाय उचलला की मागचा भाग बाहेर फेकला जाई. कारखान्याने आरंभीच्या काही गाड्यांच्या पुढील बंपरमध्ये लोखंडी वजने बसवली. १९६९ च्या मॉडेलमध्ये मागील चाके मागे सरकवून दोन आसांमधील अंतर ५७ मिलिमीटरने वाढवले आणि एका बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत ठेवल्या. एक रवा हातभर सरकवण्याचाच हा प्रकार.

१९८९ मध्ये आलेल्या माझदाच्या दोन आसनी एमएक्स-५ गाडीत इंजिन पुढच्या आसाच्या मागे घेतले होते. दोन्ही आसांवर भार जवळजवळ सारखा होता आणि तोही मध्याजवळ एकवटलेला. कावडीचे दोन्ही घडे समतोल असले, तरी कावड घेतलेला माणूस चटकन वळू शकत नाही. तेच घडे छातीशी धरले तर वळतो. या गाडीची शक्ती बेताचीच होती, तरी ती चालवणाऱ्यांना आवडली. कारण सुकाणू वळवताच ती ऐकत असे.

भार किती उंचीवर आहे, यालाही मोल आहे. १,००० किलोची गाडी, आसांमधील अंतर अडीच मीटर आणि गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर असेल, तर जोराचा ब्रेक लागताच सुमारे १०० किलो भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. एकूण शिल्लक तीच, फक्त रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. टपावर ओझे चढवले की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि ही रक्कम वाढते. उतारावर तर ती आधीच पुढे झुकलेली असते, आणि वळणात हेच आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर घडते.

मुलाने गाडी रिकामी केली. जड डबे मधल्या आसनाच्या पाठीला टेकवून तळाशी ठेवले आणि दोरीने आवळले. टपावर फक्त अंथरुणे राहिली. पाण्याचा एक कॅन घरीच ठेवला. गाळणे बरोबर असले की पाणी वाटेतही भरता येते. टायरमधील हवा भरलेल्या गाडीच्या मापाने तपासली.

चार्माडीच्या एका अरुंद वळणावर समोरून चढत येणाऱ्या बसने सगळा रस्ता व्यापला. मुलाने ब्रेक दाबला आणि सुकाणू डावीकडे घेतले. गाडी पुढे वाकली, क्षणभर तशीच राहिली आणि कठड्याशेजारी सरळ उभी राहिली. मागच्या डब्यांचा आवाजसुद्धा आला नाही. पुढचा घाट त्याने न बोलता उतरला, पण हातांतील ताण गेला होता. गाडी काय सांगते आहे, हे त्याला प्रथमच कळत होते.

परतीच्या दिवशी सामान त्यानेच भरले आणि विचारले, "अण्णा, आता धुरजड की उलाळ?"

अण्णांनी डिकीत डोकावून पाहिले. "तोल बरा आहे. पण डबे रिकामे झाल्यावर सगळ्यांचाच तोल बरा असतो."