भेदऱ्याचा ब्रुस्केत्ता

पदार्थाचे नाव जितके अवघड, तितका पोरांचा उत्साह दांडगा! रोमकडच्या बोलीत 'ब्रुस्कारे' म्हणजे निखाऱ्यावर भाजणे, त्यावरून 'ब्रुस्केत्ता'. म्हणजे मूळचा हा भाजलेला पाव, वर लसूण चोळलेला नि तेल सोडलेले. टोमॅटो मागाहून आला. तो बारीक चिरून, मीठ लावून, पाणी निथळू द्यायचे. नाहीतर पावाचा लगदा होतो. ऑलिव्हचे तेल उगाच भाव खाते. आमच्या पुसदच्या घरात फल्लीच्या तेलावर भागले, आणि वरून सांबार. पुणेकरांनी दचकू नये, आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो.

आई मुकाट्याने पाहत होती. टोमॅटोला ती जन्मभर 'भेदरे' म्हणत आली; पण नातवंडे खुदखुदू लागली, तेव्हापासून घरात 'टमाटर' म्हणू लागली होती. माझ्या कपाटात एवढे जाडजूड शब्दकोश, आणि वऱ्हाडातला एक रसाळ शब्द स्वयंपाकघरातून असा चोरपावलांनी निघाला होता!

एक तुकडा खाऊन ती म्हणाली, "पाव कायले पायजे? शिळी भाकर कडक भाज, अन् त्यावर भेदरं कालवून घे."

"आजी, भेदरं कसं कालवतात?" धाकटीने विचारले. हसली नाही.

आईने लसणाचा गड्डा पुढे ओढला.