तीन चेंडू

जुन्या महाराष्ट्र सदनातली खोली तीन दिवसांसाठी घेतली होती, आज अकरावा. रात्री भाचा हॉस्पिटलात यांच्यापाशी थांबतो, तेव्हा मी इथे येऊन पाठ टेकते. कोपर्निकस मार्गावरची वर्दळ ओसरली की उगाच मोजत बसते. श्वास आत, श्वास बाहेर.

न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत. हवेच्या इवल्या पिशव्यांत पू-पाणी साचलं की ऑक्सिजन रक्तात उतरत नाही, हे डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. द्राक्षाच्या घडासारखं चित्र. तो कागद अजून पर्समध्ये आहे. बोटाच्या चिमट्यावर ८८ दिसलं त्या रात्री देवाशी काय काय बोलले, ते इथे लिहिणार नाही.

आज त्यांच्या हातात तीन चेंडूंचं यंत्र दिलं. नळीतून हवा ओढली की चेंडू चढतात: ६००, ९००, १२००. पहिला निळा थरथरला, बोटभर उचलला, पडला. हे माझ्याकडे बघून ओशाळले. आवाजाने घर डोक्यावर घेणारा माणूस! मला हसू आलं, मग स्वतःचाच राग आला.

येताना कमानी सभागृहाबाहेर प्रयोग सुटलेला. शाली, चहा, गप्पा. या रस्त्याला ज्याचं नाव, त्या कोपर्निकसने सूर्य मध्ये ठेवला. ते पुस्तक १५४३ साली छापून आलं आणि त्याच साली तो गेला. तो वैद्यकीही करायचा. माझं सगळं सध्या त्या निळ्या चेंडूभोवती.

सकाळी पेज न्यायची आहे. थर्मासचं झाकण गळतंय, त्याचं काहीतरी बघायला हवं.