भुलूनं निवडलेलं गाव

गाव निवडायचं असेल तर ते कुत्र्याच्या उंचीवरून बघा! सध्या मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बाईंना, भाजीवाल्या मावशींना, बदलीची ऑर्डर हातात घेऊन फोन करणाऱ्या मैत्रिणीला. भाड्याच्या जाहिरातीत जे छापलेलं नसतं आणि एजंटला ज्याचा पत्ता नसतो, ते सगळं कुत्र्याला पहिल्या फेरीत कळतं. माती कुठे उरली आहे, सावली कुठे पडते, दुपारी रस्ता किती तापतो, रात्री कुठून आवाज येतात, कोपऱ्यावरची माणसं थांबून दोन शब्द बोलतात की नाही! आणि नेमक्या याच गोष्टींवर आपलंही सुख उभं असतं, हे कोलकात्याहून तळेगाव दाभाडेला येताना मला कळलं आणि तेव्हापासून मी नुसती हरखून गेले आहे.

झालं असं, की माझ्या नवऱ्याची, मंदारची, बदली पुण्याजवळच्या चाकणला झाली. आम्ही सॉल्ट लेकमध्ये राहत होतो आणि आमच्याबरोबर भुलू होता. देशी, तांबूस अंगाचा, काळ्या तोंडाचा, चांगला बावीस किलोचा. पूजेच्या दिवसांत गल्लीतल्या एका बंद गाडीखाली सापडलेलं ते पिल्लू आमचं घरच होऊन बसलं होतं. देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, जवळजवळ दोन हजार किलोमीटर, त्याला न्यायचं होतं. वरच्या मजल्यावरच्या बौदी, म्हणजे वहिनी, म्हणाल्या, ‘भुलूला इथेच राहू दे, मी सांभाळते.’ त्यांच्या मायेला तोड नव्हती, पण भुलूला मागे ठेवणं आमच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

घर बघायला मी एकटीच पुढे आले. यादीत वाकड, मोशी, देहूरोड आणि तळेगाव होतं. वहीत भाडं, डिपॉझिट, पाणी आणि चाकणचं अंतर असे नेहमीचे रकाने आखले होते. पण निघण्याआधी भुलूच्या सॉल्ट लेकमधल्या डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती. ते म्हणाले, ‘त्याचा दिवस कसा जाणार ते आधी बघा, मग घर बघा.’ भुलूचा दिवस म्हणजे पहाटेची फेरी, दुपारची छोटी फेरी आणि रात्रीची शेवटची फेरी. मग मीही प्रत्येक ठिकाणी त्याच वेळांना गेले. अहो, काय सांगू! तेच गाव पहाटे एक असतं, दुपारी दोनला दुसरं आणि रात्री अकराला तिसरंच!

दुपारची परीक्षा सर्वांत सोपी आहे आणि ती प्रत्येकानं करावी. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवायची आणि सावकाश सात आकडे मोजायचे. हात तिथे ठेववत नसेल तर कुत्र्याचे पंजेही तिथे भाजणार. नव्या टॉवरांच्या भोवती डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक असे पसरलेले असतात, की मातीचा एक तुकडा शोधायला फाटकाबाहेर पडून मोठा रस्ता ओलांडावा लागतो. आणि तळेगाव स्टेशन भागातल्या जुन्या बंगल्यांच्या कॉलनीत मी हात टेकवला तेव्हा वर आंब्याची सावली होती आणि कडेला खरीखुरी लाल माती! भर रस्त्यात उकिडवी बसून मी सातच्या पुढेही मोजत राहिले.

मग गल्लीतली कुत्री! बाहेरून आलेल्या कुत्र्याचं तिथे कसं होणार, ते तीच ठरवतात. त्यांचे कान बघायचे. कानाला त्रिकोणी खाच असेल तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते. नसबंदी करून, रेबीजची लस टोचून कुत्र्याला परत त्याच्या मूळ जागी सोडायचं, असं २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. ज्या गल्लीत कान खाचलेली कुत्री निवांत पडलेली दिसतात, तिथे त्यांच्यासाठी कुणीतरी धावपळ केलेली असते. मला आवडलेल्या त्या गल्लीच्या तोंडाशी अशी तीन कुत्री पसरली होती. एकानं डोळा उघडून माझ्याकडे बघितलं, शेपटी एकदा जमिनीवर आपटली आणि परत झोपलं. समोरच्या घरातून एक काकू भाताचं पातेलं घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, ‘घर बघताय का? कुत्रा आहे म्हणता? मग आमच्या या तिघांची आधी ओळख करून द्या हो, नाहीतर रुसतील.’ माझं घर तिथेच ठरलं, अजून घर बघितलंही नव्हतं तरी!

घरमालकांना मी पहिल्याच वाक्यात सांगितलं, आमच्याकडे कुत्रा आहे. हे लपवू नये, आणि घाबरूही नये. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानं २०१५ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानं ठराव करूनही रहिवाशांच्या पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. त्याच सूचना आपल्यालाही आपली जबाबदारी सांगतात. लस वेळेवर टोचा, बाहेर नेताना पट्टा लावा, कुत्र्यानं घाण केली तर साफ करा. मालक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी भुलूचं लसीचं कार्ड मागितलं, चष्मा चढवून ते पूर्ण वाचलं आणि म्हणाले, ‘कागद नीट आहेत. या तुम्ही.’

डॉक्टर आधी शोधा, घर नंतर, हे तर मी आता ओरडून सांगते. नुसतं ‘जवळ दवाखाना आहे’ एवढ्यावर थांबू नका. रात्री फोन उचलतात का, गोचीडतापाची रक्ततपासणी होते का, लेप्टोस्पायरोसिसची लस असते का, आणि सर्पदंशाचं औषध ठेवतात का, हे विचारा. तळेगावच्या आसपासचा मावळ म्हणजे भातखाचरं आणि गवत, आणि तिथे घोणस असणारच. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालते, फक्त ती वेळेत मिळाली पाहिजे. तळेगावच्या डॉक्टरांनी माझे सगळे प्रश्न ऐकून घेतले आणि स्वतःहून बिबट्याचा विषय काढला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या बिबट्यांचा आहार अभ्यासला तेव्हा खाद्याच्या वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला होता! तेव्हा डोंगरालगतच्या गावात कुत्रा रात्री घरात झोपणार, अंगणात बांधायचा नाही, आणि शेवटची फेरी विजेरी घेऊन, दिव्यांच्या रस्त्यानं. इतकं स्पष्ट सांगणारे डॉक्टर मिळाले आणि माझा जीव भांड्यात पडला.

आणि रात्र! माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपासपर्यंत. पुण्याच्या उपनगरांत हायवेला लागून लग्नाची लॉन्स आहेत. लग्नसराईत तिथे वरात आणि फटाके असतात, दिवसा शांत वाटणारी इमारत रात्री हादरत असते. म्हणून मी रात्री अकराला प्रत्येक ठिकाणी नुसती उभी राहिले आणि ऐकलं. तळेगावात त्या गल्लीत लांबून लोकलचा आवाज आला, रातकिडे होते, कुणाच्या तरी घरात रेडिओ चालू होता. बस्स!

चाकणचा रस्ता मात्र सोपा नाही. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरांची रांग लागते आणि मंदारला सकाळी लवकर निघावं लागतं. पण तो लवकर निघतो म्हणून भुलूची पहाटेची फेरी त्याच्या वाट्याला आली, आणि आता ती फेरी तो कुणाला द्यायला तयार नाही!

आता प्रवास. भुलूच्या वजनाच्या कुत्र्याला विमानात आपल्या पायाशी जागा मिळत नाही, त्याला सामानाच्या कप्प्यात जावं लागतं. रेल्वेत मात्र एक सुंदर सोय आहे आणि ती कितीतरी जणांना माहीतच नाही! एसी फर्स्ट क्लासमध्ये दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्याकडे असेल तर कुत्रा आपल्याबरोबर प्रवास करू शकतो. बाकीच्या एसी डब्यांत आणि स्लीपरमध्ये त्याला परवानगी नाही, तिथे गार्डच्या डब्यातला डॉगबॉक्सच. आम्ही दोघांची तिकिटं काढली, कूपे मिळावा म्हणून रेल्वेच्या कार्यालयात अर्ज दिला, आणि चार्ट लागेपर्यंत देव पाण्यात घालून बसलो. कूपे मिळाला! लसीचं कार्ड आणि डॉक्टरांचा ताजा तब्येतीचा दाखला घेऊन हावड्याच्या पार्सल ऑफिसात वेळेच्या खूप आधी पोहोचलो, भुलूचं भाडं भरलं, पावती घेतली. त्याच्या नावाची पावती! ती मी जपून ठेवली आहे.

दोन रात्री आणि मधला एक दिवस. टाटानगर झोपेत गेलं, सकाळी छत्तीसगड आलं, दुपारी नागपूर, रात्री भुसावळ, पहाटे दौंड. भुलूसाठी घरातली जुनी न धुतलेली चादर घेतली होती, तिला आमच्या घराचा वास होता. जेवण थोडं थोडं, दहीभात. पाणी मात्र पुन्हा पुन्हा. आधीची स्टेशनं त्यानं नुसती हुंगून सोडली. नागपूरला फलाटाच्या अगदी टोकाला नेलं, तिथे थोडी माती आणि गवत होतं, आणि तिथे त्यानं एकदाचा पाय वर केला! मंदार आणि मी फलाटावर टाळ्या वाजवल्या, एका हमालदादांनीही वाजवल्या. मराठी मुलुखातली ती पहिली माती भुलूनं आपली केली!

पुण्याहून गाडी करून तळेगावात शिरलो तेव्हा पाऊस नुकता लागला होता. दार उघडताच भुलू उतरला आणि नाक जमिनीला लावून जो सुटला, तो मला ओढत गल्लीच्या तोंडाशी. ती तिघं उठली. काकू आधीच उंबऱ्यावर येऊन उभ्या होत्या. चौघांनी एकमेकांना हुंगलं, एक गुरगुर झाली, काकूंनी दटावलं, आणि मग तिघांनी वाट दिली. दिली!

आणि त्या दिवसापासून हे गाव आमच्यापुढे उलगडतच चाललं आहे! इथलं जुनं तळं, सरसेनापती खंडेराव दाभाडे यांचं हे गाव, मुलगा त्र्यंबकराव १७३१ मध्ये डभोईला पडल्यावर दाभाडे घराण्याची धुरा पेलणाऱ्या उमाबाईंचं हे गाव, हे मी शाळेत वाचलं असेल, पण बनेश्वराच्या वाटेवर भुलूबरोबर पायी चालताना ते पायांना कळलं. लोकांनी पैसा पैसा देऊन उभारलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये इथेच सुरू झाला. गडकिल्ले पायी तुडवणारे गो. नी. दांडेकर इथे राहिले. इतकं चालणाऱ्या माणसानं राहण्यासाठी हे गाव पसंत केलं, याचं मला आता जराही नवल वाटत नाही! पलीकडे इंदुरीजवळ तुकोबांचा भंडारा डोंगर. सुदुंबरेला एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी तुकडी आहे. ढिगाऱ्याखालच्या माणसांचा माग काढणारी कुत्री या दलाकडे असतात, हे कळल्यावर भुलूकडे बघून माझी छाती उगीचच फुगली.

आम्ही सॉल्ट लेकमध्ये कितीतरी वर्षं राहिलो, पण शेजारी ओळखीचे झाले ते भुलू आल्यावर. इथे तर तो पहिल्या दिवसापासून बरोबर होता. पेपरवाला, दूधवाले काका, शाळेला निघालेली मुलं, सगळ्यांनी आधी त्याचं नाव विचारलं, मग आमचं. काकू त्याला हाक मारायला माझ्याकडून बंगाली शिकल्या आणि मी त्यांच्याकडून इंद्रायणी तांदळाचा आसट भात शिकले.

तुम्ही घर बदलत असाल, मग ते शेजारच्या जिल्ह्यात असो की देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, एवढं कराच. एकाच गल्लीत पहाटे, भर दुपारी आणि रात्री अकराला जा. रस्त्याला हात लावा. कुत्र्यांचे कान बघा. डॉक्टरांना रात्रीचं विचारा. कुणी थांबून तुमच्याशी बोलतं का ते बघा. भाडं आणि अंतर त्यानंतर मोजा. घरात कुत्रा नसेल तर शेजाऱ्याचा एक दिवस मागून घ्या, पण नवं गाव त्याच्याबरोबर चालूनच निवडा!