खिशातलं पिस्तूल, फायलीतला संग्रह

कुणी नाणी जमवतं, कुणी तिकिटं. माझा छंद ऐकला की मात्र समोरचा माणूस दोन पावलं मागे सरकतो. मी एकोणिसाव्या शतकातली नक्षीदार पॉकेट पिस्तुलं जमवते!

घाबरू नका, खरी नाही. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, आणि माझ्या पॉकेटमनीत महिनाअखेरीला वडापावसुद्धा विचार करून खावा लागतो. मी जमवते ते फोटो, कॅटलॉगमधली पानं आणि स्वतः ग्राफ पेपरवर काढलेली ड्रॉइंग्ज. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी तसं बेताचंच, त्यामुळे चाप, घोडा, नळी हे शब्द मी घरी आजोबांकडून शिकले.

सुरुवात झाली फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरपासून. त्याचं पिस्तूल तळहाताएवढं, एका वेळी एकच गोळी. मागणी इतकी, की इतरांनी सरळ त्याच्या नावाचा शिक्का मारून नकला विकल्या. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल 'छापतो' ना, तसंच! प्रकरण कॅलिफोर्नियात कोर्टापर्यंत गेलं. पुढे 'डेरिंजर' हे छोट्या पिस्तुलाचं सामान्यनाम झालं आणि स्पेलिंगमध्ये एक जादा 'आर' घुसला, तो कायमचा.

दुसरं आवडतं म्हणजे १८४९ चं कोल्ट पॉकेट रिव्हॉल्व्हर. त्याच्या सिलिंडरवर घोडागाडीवरच्या दरोड्याचं अख्खं चित्र आहे. हे हाताने कोरलेलं नाही. नोटांचं कोरीव काम करणाऱ्या ऑर्म्सबीने त्याची डाय केली, आणि ती डाय दाबून फिरवत चित्र उमटवलं जायचं. वर्कशॉपमध्ये लेथवर नर्लिंग केलंय ना? तोच मामला! अशी रिव्हॉल्व्हर्स तीन लाखांहून जास्त निघाली.

हाताच्या कामाची गोष्ट वेगळी. लोखंड मऊ असताना छिन्नी चालवायची आणि नंतर केस हार्डनिंग करायचं. नंतर कुणाला जादा नक्षी काढायची हुक्की आली, तर पार्ट पुन्हा मऊ करावा लागतो आणि हार्डनिंगचे ते निळे-तपकिरी रंग उडून जातात. जाणकार त्यावरूनही चोरी पकडतात. म्हणून संग्राहकांचा पहिला नियम : पॉलिश करू नका. बफिंगने चकाकी येते, पण नक्षीच्या कडा बोथट होतात त्या होतातच.

हे कोरणारे बहुतेक सगळे निनावी. एल. डी. निम्श्के मात्र आपल्याला माहीत आहे. जर्मनीत जन्मलेला हा कारागीर न्यूयॉर्कमध्ये काम करायचा. केलेल्या नक्षीचा कागदावर ठसा घेऊन तो जपून ठेवायचा. ती वही १९६५ साली पुस्तकरूपाने छापली गेली. इतक्या कारागिरांत त्याचं नाव उरलं, कारण त्याने जर्नल वेळेवर लिहिलं! (प्राध्यापकांनी हे वाक्य वर्गात वापरायला माझी हरकत नाही.)

पण आजीचा एक प्रश्न मला सोडत नाही. फाईल चाळून ती म्हणाली, "नक्षी छान आहे गं, पण हे माणूस मारायलाच केलंय ना?"

हो, त्यासाठीच केलंय. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये जॉन विल्क्स बूथने अब्राहम लिंकनवर गोळी झाडली ती डेरिंजरच्याच पिस्तुलातून. ते पिस्तूल आता त्याच थिएटरच्या म्युझियममध्ये आहे. खिशात मावावं, कुणाला दिसू नये, म्हणूनच ते लहान केलं होतं. ज्या गोष्टीचं मी डिझाइन म्हणून कौतुक करते, तीच त्या रात्री कामाला आली.

मी आजीला म्हटलं, कारागिराचा हात आणि चाप ओढणारा हात वेगळे. ती म्हणाली, "पण गिऱ्हाईक कशासाठी घेतंय, हे कारागिराला माहीत होतं की." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. उद्या आपणही काहीतरी डिझाइन करणार आहोत. टॉलरन्स बरोबर येईल, फिनिश सुंदर येईल, पण ते कुणाच्या खिशात जाणार, हे ड्रॉइंगवर कुठेच लिहिलेलं नसतं.

छंद मी सोडलेला नाही. फक्त फाईलचा क्रम बदललाय. पूर्वी पहिल्या पानावर सगळ्यात सुंदर नक्षी होती. आता तिथे बूथच्या पिस्तुलाचा फोटो आहे. तो उलटल्याशिवाय पुढचं पान बघता येत नाही.