पाचशे रुपयांची दाद

नो-पार्किंगचा दंड पहिल्या वेळी पाचशे रुपये. ही रक्कम कुणाला किरकोळ वाटते, तर कुणाची ती दिवसभराची मजुरी असते. पण दंड झालेल्या माणसांचं बोलणं मी नीट ऐकतो तेव्हा पैशांचा विषय दोन वाक्यांत संपतो. पुढचं सगळं बोलणं एकाच दुखण्याभोवती फिरत राहतं : माझं ऐकूनच घेतलं नाही. जिथे तक्रार केली तिथे निकाल आधीच ठरलेला होता.

हे दुखणं मला पार्किंगच्या दुखण्यापेक्षा मोठं वाटतं.

सोलापूरकराला पार्किंगचं दुखणं समजावून सांगायची गरज नाही. संध्याकाळी नवी पेठेत दुचाकी लावायला जागा शोधून पाहावी, म्हणजे कळतं. टिळक चौक, मधला मारुती, सराफ कट्टा या भागातले रस्ते मोटारींचा विचार करून कुणी आखलेच नव्हते. दुकानाचा माल रस्त्यावर, हातगाडी रस्त्यावर, रिक्षा रस्त्यावर, आणि गिऱ्हाइकाची गाडीही रस्त्यावरच. कुठे सम-विषम तारखेचं पार्किंग असतं. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत गड्ड्याची जत्रा भरली की होम मैदानाभोवतीचे रस्ते काही दिवस वेगळ्याच नियमांनी चालतात. अशा गावात नियम हवेतच, आणि मोडणाऱ्याला दंडही हवा. एका आडव्या लावलेल्या गाडीमागे रुग्णवाहिका अडकते, तेव्हा दंड करणारा पोलिस माझ्याच बाजूने उभा असतो. एप्रिल-मेच्या उन्हात, पारा बेचाळिसाच्या पुढे गेलेला असताना चौकात उभं राहणाऱ्या त्या माणसाबद्दल मला आदर आहे. माझं म्हणणं त्याच्याविरुद्ध नाही. त्याने केलेला दंड चुकला असं कुणाला वाटलं, तर ते ठरवणार कोण, एवढाच माझा प्रश्न आहे.

पूर्वी दंड समोरासमोर व्हायचा. पावतीबुक निघायचं, दोन शब्द बोलले जायचे, कधी चार. आता पोलिसाच्या हातात ई-चलनाचं यंत्र असतं. गाडीचा फोटो, क्रमांक, कलम, आणि मालकाच्या मोबाइलवर संदेश. मालक तेव्हा दुकानात असतो, दवाखान्यात असतो, नाहीतर घरी जेवायला बसलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनंतर कलम 177चा दंड पहिल्या वेळी 500 आणि पुन्हा गुन्हा झाल्यास 1,500 रुपये झाला, आणि महाराष्ट्रात हे वाढीव दर डिसेंबर 2021पासून लागू झाले. यंत्राने वशिल्याला थोडा आळा घातला, हे मान्यच केलं पाहिजे. पण त्याबरोबर बोलण्याची जागाही गेली. तक्रार नोंदवायची सोय आहे, पण ती तक्रार तपासतं पोलिसांचंच खातं. ज्या हाताने चलन फाडलं, त्याच्याच शेजारच्या टेबलावर चलनाविरुद्धचं गाऱ्हाणं येऊन पडतं.

आमच्या शेजारी चादरी-टॉवेलच्या दुकानात काम करणारा एक मुलगा राहतो. त्याला आलेल्या चलनाचा फोटो त्याने मला दाखवला. फोटोत गाडीचा क्रमांक होता, मागच्या चाकाचा अर्धा भाग होता, आणि एका दुकानाचं अर्धवट ओढलेलं शटर होतं. गाडी नेमकी कुठे उभी होती, तिथे फलक होता का, रस्त्यावर पट्टा होता का, यातलं काहीच त्या फोटोवरून कळत नव्हतं. मुलगा हुशार. तो परत त्या जागी गेला आणि त्याने स्वतः फोटो काढले. नो-पार्किंगचा फलक तिथे होता, पण त्याच्यावर कुणाच्यातरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भलामोठा फ्लेक्स बांधलेला होता. फ्लेक्सच्या कडेतून फलकाची लाल गोल किनार तेवढी दिसत होती. त्याने हे सगळं लिहून, फोटो जोडून तक्रार केली. ज्या कार्यालयात ती गेली त्याचं नाव सांगून काही साधणार नाही. उत्तर आलं ते एका ओळीचं : तपासणी केली असता चलन योग्य असल्याचे आढळले, तक्रार निकाली.

'तपासलं कुणी ओ? आणि काय तपासलं?' त्याने मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण त्या ओळीत तपासणाऱ्याचं नाव नव्हतं, हुद्दा नव्हता, आणि फ्लेक्सचा उल्लेखसुद्धा नव्हता. तो मुलगा कदाचित चुकलाही असेल. पण तो का चुकला, हे त्याला कुणीच सांगितलं नाही.

या गोष्टीची दुसरी बाजू आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच मुलाला दुकानात चार जणांनी सल्ला दिला, 'कशाला लिहीत बसतोस? कुणाला तरी फोन लाव की.' नगरसेवकाचा फोन, पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याचा फोन, खात्यातल्या पाहुण्याचा फोन. ओळख असलेल्याचं ऐकलं जातं आणि लेखी लिहिणाऱ्याचं निकाली निघतं, असा लोकांचा समज आहे. तो प्रत्येक वेळी खरा असेलच असं नाही. पण तो समज इतका खोल गेला आहे की नियमाने चालणारा माणूस स्वतःलाच वेडा समजू लागतो. पक्षपात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त अन्यायाने केलेला दंड येतो. ओळखीने माफ झालेला दंड हाही तितकाच पक्षपात आहे, कारण त्याचा भार शेवटी ओळख नसलेल्यावरच पडतो.

न्यायाच्या इतिहासात ही गोष्ट फार स्पष्टपणे सांगितली गेली आहे, आणि गंमत म्हणजे, ती सांगायला निमित्त रस्त्यावरचा अपघातच झाला होता. 1923 साली इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये एका मोटारसायकलस्वाराला धोकादायक पद्धतीने गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली. त्याच अपघातात त्याच्याविरुद्ध नुकसानभरपाई मागणारी जी वकिलांची पेढी होती, तिच्यातलाच एक जण त्या दिवशी न्यायाधीशांचा कारकून म्हणून बसला होता. न्यायाधीश विचार करायला आतल्या खोलीत गेले, तेव्हा तोही आत गेला. त्यांनी त्याला काही विचारलं नाही, त्यानेही तोंड उघडलं नाही. तरीही वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. न्याय होऊन भागत नाही, तो होताना लोकांना स्वच्छ दिसला पाहिजे, हे तत्त्व लॉर्ड ह्यूअर्ट यांनी त्याच खटल्यात मांडलं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हाच धडा दिला आहे. आंध्रात बसमार्गांचं राष्ट्रीयीकरण करताना खासगी बसवाल्यांच्या हरकती ऐकल्या त्या परिवहन खातं सांभाळणाऱ्या सचिवांनी, आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्यांनी. 1958च्या गुल्लापल्ली नागेश्वर राव खटल्यात न्यायालयाने ही सुनावणी मोडीत काढली. ज्या खात्याची योजना त्याच खात्याचा सचिव हरकती ऐकणार, आणि एकाने ऐकायचं व दुसऱ्याने ठरवायचं, याला सुनावणी म्हणता येत नाही. पुढे 1969च्या क्रैपाक खटल्यात वनसेवेच्या निवड मंडळावर एक उमेदवारच सदस्य होता. त्याच्या नावाचा विचार झाला तेव्हा तो बाजूला झाला होता, तरी निवड रद्द झाली. त्याने प्रत्यक्ष पक्षपात केला का, हे सिद्ध करायची गरज नाही, तशी रास्त शक्यता होती एवढं पुरे, असं न्यायालय म्हणालं.

मला हे फार दिलासा देणारं वाटतं. तक्रार करणाऱ्याने अधिकाऱ्याला लबाड म्हणायची गरजच नाही. माणूस प्रामाणिक असेल, पण आपल्याच सहकाऱ्याचं काम तपासायला त्याला बसवलं तर ती खुर्चीच चुकीच्या जागी ठेवलेली असते.

मग आज दाद मागायची कुठे? कायद्याने वाट आहे. दंड भरून प्रकरण मिटवायची सक्ती नाही, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आपली बाजू मांडता येते. पण पाचशे रुपयांसाठी यंत्रमागावरचा कामगार किंवा विड्या वळणारी बाई आपला रोज बुडवून कोर्टाच्या पायऱ्या चढेल, ही अपेक्षाच निर्दय आहे. लोकअदालतीच्या नोटिसा येतात तेव्हा लोकांना वाटतं, चला, आता आपलं ऐकतील. पण 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार लोकअदालत चालते ती तडजोडीवर. कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरवण्यासाठी ती नाहीच. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, भ्रष्टाचार अशा गंभीर बाबी जातात. फ्लेक्सआड गेलेल्या फलकाला तिथे जागा नाही. 2025च्या जुलैमध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलनांविरुद्ध राज्यभर संप पुकारला, तेव्हा सरकारला त्यांच्याशी बोलावं लागलं. संघटना असलेल्यांचं ऐकलं गेलं. एकट्यादुकट्याने काय करायचं?

उत्तर आपल्याच घरात आहे. माहिती अधिकारात पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे जातं, पण दुसरं जातं माहिती आयोगाकडे, म्हणजे खात्याबाहेर. बाहेरही अशी सोय आहे : इंग्लंडमध्ये पार्किंगच्या दंडाविरुद्धचं पहिलं गाऱ्हाणं नगरपालिकेकडे असतं, आणि तिने ते फेटाळलं तर स्वतंत्र कायदेतज्ज्ञ ते विनाशुल्क ऐकतो. नगरपालिकेने ठरल्या मुदतीत उत्तर दिलं नाही, तर गाऱ्हाणं मान्य झालं असं धरलं जातं. यातलं काहीही सोलापूरच्या आवाक्याबाहेरचं नाही. आपल्याकडे पोलीस आयुक्तालय आहे, महापालिका आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, निवृत्त न्यायिक अधिकारी आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ खात्याबाहेरच्या माणसाने या तक्रारी ऐकाव्यात. तोवर निदान प्रत्येक उत्तरावर तपासणाऱ्याचं नाव आणि निर्णयाचं कारण असावं.

आणि आपण? आपण फोन लावणं सोडलं पाहिजे. चलनाचा फोटो, जागेचा फोटो, फलकाची स्थिती, तारीख आणि वेळ असं सगळं जोडून लेखी तक्रार करावी. एका ओळीचं उत्तर आलं तर दहा रुपयांच्या अर्जावर माहिती मागावी : तपासणी कुणी केली, कोणत्या नोंदीवरून केली, त्या जागी नो-पार्किंगची अधिसूचना कधी निघाली. शेजारच्या मुलाला मी हेच सांगितलं, आणि अर्ज आम्ही मिळून लिहिला.

त्याचं चलन रद्द होईल की नाही, मला माहीत नाही. ते योग्य ठरलं तर त्याने पाचशे रुपये भरावेत, असंच मी त्याला सांगेन. पण ते योग्य का, हे त्याला कारणासह कळलं पाहिजे, आणि सांगणारा माणूस दंड करणाऱ्या खात्याचा नसला पाहिजे. कारण समजलेला दंड माणूस मुकाट्याने भरतो आणि पुढच्या वेळी गाडी नीट लावतो. कारण न सांगता लादलेला दंडही तो भरतो, पण कायद्यावरचा त्याचा विश्वास तिथे थोडा कमी होतो. रस्ता मोकळा ठेवायला पोलिस लागतात. तो विश्वास राखायला मात्र ऐकून घेणारा तटस्थ माणूस लागतो, आणि तो मागणं हा आपला हक्क आहे.